राउटर उठत नाही? तळमजल्यापासून पाहा

नेटवर्किंगच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या बहुतेकांना खऱ्या राउटर-स्विचचा संच परवडत नाही, म्हणून संगणकावरच आभासी राउटर चालवणारं जीएनएस-3 किंवा ईव्ह-एनजी कामाला येतं. राउटरची इमेज टाकायची, आकृती जोडायची, स्टार्ट दाबायचं. पुष्कळांची गाडी इथेच अडते. नोड चालू दिसतो, कॉन्सोल मात्र काळाच. मग इमेज पुन्हा उतरवणं, सॉफ्टवेअर काढून परत टाकणं असे उपाय सुरू होतात. ही मेहनत बहुधा वाया जाते, कारण बिघाड दिसतो वरच्या मजल्यावर आणि असतो खालच्या.

विंडोजच्या लॅपटॉपवर ही इमारत अशी असते: तळाशी प्रोसेसर, त्यावर विंडोज, त्यावर व्हीएमवेअर, त्यात लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन, त्यात क्यूईएमयू हे एम्युलेटर आणि क्यूईएमयूच्या पोटात राउटर. मशीनच्या आतल्या या मशीनला वेग मिळतो तो प्रोसेसरच्या खास सोयीमुळे. इंटेलमध्ये तिचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. ती बायोसमध्ये बंद असेल, व्हीएमवेअरने आत पोचवली नसेल किंवा विंडोजच्या हायपर-व्हीने आधीच ताब्यात घेतली असेल, तर लिनक्समध्ये ही सोय क्यूईएमयूला मिळवून देणारं केव्हीएम चालत नाही. जीएनएस-3 चं व्हर्च्युअल मशीन आपल्या पहिल्या पडद्यावरच केव्हीएम उपलब्ध आहे की नाही ते 'ट्रू' किंवा 'फॉल्स' असं सांगतं. तिथे 'फॉल्स' असताना इमेजला दोष देण्यात अर्थ नाही. याचा पडताळाही घेता येतो. ख्रिस्तोफ फियो यांनी 2005 मध्ये आणलेलं डायनामिप्स सिस्कोच्या 7200 राउटरचा मिप्स प्रोसेसर निव्वळ सॉफ्टवेअरने उभा करतं. त्याला व्हीटी-एक्स लागत नाही. 7200 सुरळीत उठतो आणि क्यूईएमयूवरचे सगळेच राउटर अडतात, असं दिसलं की पहिला संशय केव्हीएमवर घ्यावा.

तळ पक्का असेल तरच वर चढावं. ईव्ह-एनजीमध्ये फोल्डरचं नाव ठरलेल्या उपसर्गाने सुरू व्हावं लागतं आणि डिस्कच्या फाइलला ठरलेलंच नाव लागतं. एक अक्षर चुकलं तरी डिस्क सापडत नाही. रॅम कमी दिली तर मोठे राउटर अर्ध्यावर थांबतात किंवा पुन्हापुन्हा सुरू होत राहतात. काही वेळा राउटर व्यवस्थित उठलेला असतो, पण त्याचा मजकूर व्हीजीएच्या पडद्यावर जातो आणि आपण सीरियल कॉन्सोल उघडून बसतो. नेक्सस 9000 चा व्हर्च्युअल स्विच रीलोडनंतर 'लोडर' या प्रॉम्प्टवर अडकतो, कारण कोणत्या फाइलवरून उठायचं हे कॉन्फिगरेशनमध्ये जतन केलेलं नसतं. फाइलचं नाव देऊन बूट करायचं, तेच कॉन्फिगरेशनमध्ये लिहून सेव्ह करायचं, की काम झालं.

यावर कोणी म्हणेल, एवढं तपासण्यापेक्षा सगळं नव्याने टाकणं सोपं, आणि कधीकधी ते लागूही पडतं. पडतं खरं, पण इमेज उतरवताना फाटली असेल तर तेही चेकसम ताडून मिनिटभरात कळतं. शिवाय नव्याने टाकताना दहा गोष्टी एकदम बदलतात, त्यामुळे काम झालं तरी कशाने झालं ते हाती लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हायपर-व्ही मोकळं करायचं तर विंडोजचं मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण बंद करावं लागू शकतं. रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर, विशेषतः कंपनीच्या, ते करू नये. जुन्या संगणकावर थेट ईव्ह-एनजी बसवलं, की विंडोज आणि व्हीएमवेअर हे दोन मजले मुळातच गळतात आणि संरक्षणालाही हात लावावा लागत नाही.

खऱ्या नेटवर्कमधला बिघाडही असाच शोधतात: आधी केबल आणि पोर्ट, मग आयपी, मग राउटिंग. तेव्हा पुढच्या वेळी कॉन्सोल काळा राहिला तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत टिपून ठेवा. परीक्षेचा अभ्यास तिथूनच सुरू झालेला असतो.