होडीवरची खरखर

खडकीला समुद्र नाही, पण होडीच्या रेडिओवरच्या खरखरीचा आजार ओळखणारे जवळच, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेत आहेत. त्यांची खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण 150 मेगाहर्ट्झच्या आसपासही ऐकते. होडीच्या रेडिओचा आणीबाणीचा चॅनल 16 आहे 156.8 वर. शेजारीच म्हणायचे!

होडीवर पहिला संशय एलईडी दिव्यावर घ्यावा. त्यातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं आणि वायर अँटेना बनते. सगळे दिवे बंद करा, रिकाम्या चॅनलवर खरखर जेमतेम थांबेल इतकंच स्क्वेल्चचं बटण फिरवा, मग एकेक दिवा लावा. खरखर परतली, की चोर सापडला. स्क्वेल्च आणखी वाढवून ती दाबू नका. दूरची हाकही दबते. वायरीवर फेराइटची कडी बसवून पाहा. स्वस्तातला दिवा असेल तर सरळ बदलाच.