‘फिरायला जाणे’ म्हणजे नेमके काय?

सोमवारची ओपीडी होती. बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. माझ्यासमोर अडतीस वर्षांची एक बाई बसली होती. ती घरीच शिलाईकाम करते. दोन वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला. गोळ्या चालू असूनही तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठच्या खाली येत नव्हती. शेजारी अकरा वर्षांचा मुलगा. डोळ्यांवर जाड चष्मा आणि आईचा मोबाइल नाकाला टेकेल इतका जवळ. त्याच्या खांद्यावरून सहा वर्षांची धाकटी बहीण त्याच पडद्याकडे बघत होती.

“ताई, फिरायला जाता का?” मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“जातो की मॅडम. दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला गेलो होतो.”

मला हसू आले, पण चूक तिची नव्हती. ‘फिरायला जाणे’ याचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, पायांत चपला घालून घराबाहेर पडणे. दुसरा, बॅगा भरून, गाडी करून, पैसे खर्चून गावाला जाणे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुसरा अर्थ इतका मोठा झाला, की पहिला त्याच्याखाली दबून गेला. निसर्ग ही वर्षातून एकदा, सुट्टी घेऊन बघायची गोष्ट झाली. शरीराला मात्र त्याची गरज रोज असते.

दुसऱ्याला सांगणे सोपे असते. माझा मुलगा सातवीत असताना फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शाळेतून चिठ्ठी आली. तपासले तर दोन्ही डोळ्यांना पावणेदोनचा नंबर. घरात आम्ही दोघेही डॉक्टर! सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी दुसरी शिकवणी. तो उघड्या आकाशाखाली असतो तरी कधी, याचा हिशेब केला तेव्हा शाळेच्या रिक्षात चढण्या-उतरण्यापलीकडे हाती काही लागले नाही. रविवारी आम्ही मोठी सहल आखायचो आणि माझ्या ड्युटीमुळे ती रद्द व्हायची. मोठ्या सहलीच्या नादात अर्ध्या तासाची फेरीही होत नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

डोळ्यांना हवा बाहेरचा उजेड

लहान वयात लागणारा लांबचा नंबर, म्हणजे निकटदृष्टिता, आशियातील शहरांमध्ये झपाट्याने वाढली आहे. आनुवंशिकता आणि सतत जवळचे बघणे ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला तिसरे कारण आता पक्के झाले आहे, ते म्हणजे दिवसाउजेडी बाहेर न पडणे. वर्गात किंवा दिवाणखान्यात प्रकाशाची तीव्रता साधारण ३०० ते ५०० लक्स असते. बाहेर झाडाच्या सावलीतही ती काही हजार लक्स असते आणि भर उन्हात लाखाच्या घरात जाते. या प्रखर प्रकाशामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे रसायन स्रवते आणि ते नेत्रगोलाची अवाजवी लांबी वाढू देत नाही, असे मानले जाते. नेत्रगोल लांबट झाला, की लांबचे अंधूक दिसू लागते.

चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर याचा प्रयोग झाला. निम्म्या शाळांमध्ये रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला गेला. तीन वर्षांनंतर मैदानावर जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना नंबर लागला होता, तर इतर शाळांमध्ये हे प्रमाण जवळजवळ ४० टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तैवानने तर २०१० पासूनच शाळकरी मुलांसाठी रोज १२० मिनिटे बाहेर घालवण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

यासाठी उन्हात तापायची गरज नाही. सावली चालते, टोपी चालते, ढगाळ दिवसही चालतो. सूर्याकडे मात्र थेट बघायचे नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लागलेला नंबर बाहेर खेळून जात नाही. खरा फायदा नंबर लागण्याआधी होतो. म्हणूनच त्या दिवशी ओपीडीत मला चष्मा लागलेल्या दादापेक्षा धाकटीची काळजी जास्त वाटली.

मोठ्यांचे काय?

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनतीचा खेळ खेळावा आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतर वाढणारी साखर कमी चढते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आपल्या आजीची शतपावली हीच. फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

मनाचेही आहेच. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास १९८४ चा. आमच्या वॉर्डात एका खिडकीबाहेर कडुनिंब आहे. जास्त दिवस राहणारे पेशंट ‘ती कॉट रिकामी झाली की मला द्या’ असे सिस्टरना सांगून ठेवतात. त्यांनी हा अभ्यास वाचलेला नाही.

बारा महिने कसे निघायचे?

न जाण्याचे कारण प्रत्येक ऋतूत तयार असते. उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर परीक्षा, हिवाळ्यात थंडी. प्रत्येक ऋतूचा धोका नीट ओळखला, तर बाराही महिने बाहेर पडता येते.

उन्हाळ्यात वेळ बदला. सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर निघा. वैशाखात पिवळाधमक बहावा बघायला आणि करवंदे वेचायला हीच वेळ बरी. दुपारी बारा ते चार टाळा. पाणी सोबत ठेवा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापून ग्लानी आली, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. वळवाच्या दिवसांत ढगांचा गडगडाट ऐकू आला, की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पावसाळा मुलांचा सगळ्यात आवडता. मृगाचा मखमली लाल किडा, गोगलगायी, दगडावरचे शेवाळ बघायला लांब जावे लागत नाही. धबधबा मात्र लांबूनच बघा. वर डोंगरात पाऊस झाला, की खाली काही मिनिटांत लोंढा येतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. नंतर ताप आला तर ‘पाण्यात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने लेप्टोस्पायरोसिसचे निदान लवकर होऊ शकते. मधुमेहींनी अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत.

पावसाळा सरताना आम्हा सातारकरांना कासचे पठार खुणावते. तेरडा, सोनकी आणि किडे पकडून खाणारी इवलीशी ‘सीतेची आसवे’ मुलांना दाखवावीत अशीच आहेत. मात्र हेच दिवस उंच गवताचे आणि त्यातल्या सापांचे. पूर्ण बूट घाला, अंधारात विजेरी वापरा, न बघता दगडाखाली हात घालू नका. सर्पदंश झालाच, तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, साप पकडायच्या मागे लागू नका. तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि सरळ रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. गवतात बसून आल्यानंतर काही दिवसांनी ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर तीही डॉक्टरांना दाखवा. तो स्क्रब टायफस असू शकतो.

हिवाळा सगळ्यांचाच. तळ्यावर पाहुणे पक्षी आलेले असतात, शेतात हुरडा तयार होत असतो. हृदयविकार, दमा असलेल्या आजी-आजोबांनी पहाटेच्या थंडीत आणि धुरक्यात न जाता ऊन वर आल्यावर निघावे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठीही दहानंतरचेच ऊन उपयोगी. कोवळ्या उन्हात ते फारसे तयार होत नाही आणि बंद काचेतून आलेल्या उन्हात जवळजवळ नाहीच.

एक वार, एक वेळ

जागेची अडचण वाटते तितकी नसते. आम्हाला अजिंक्यतारा आहे, पुणेकरांना वेताळ टेकडी आणि तळजाई, कोल्हापूरकरांना रंकाळा, नागपूरकरांना सेमिनरी हिल्स, मुंबईकरांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. यांपैकी काहीच जवळ नसेल तर शाळेचे मैदान, नदीचा घाट, शेताचा बांध आहे. मी रुग्णांना एवढेच सांगते, की रोज अर्धा तास दिवसाउजेडी सगळ्यांनी मिळून बाहेर पडा आणि आठवड्यातून एक वार मोठ्या फेरीसाठी ठरवून टाका. मोबाइल एकाच्याच खिशात असू द्या आणि तोही अडीअडचणीसाठी.

त्या बाईंनी ते मनावर घेतले. चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. रोज साडेपाचला मशीन बंद करून मुलांना घेऊन त्या मैदानावर जात होत्या. नवऱ्याच्या साप्ताहिक सुट्टीला चौघे मिळून किल्ला चढत होते. साखर ७.४ वर आली होती. गोळ्या बंद झाल्या नाहीत, पण वाढवाव्याही लागल्या नाहीत. मुलाचा चष्मा तसाच होता.

धाकटीने माझ्यासमोर मूठ उघडली. आत लाल-काळ्या गुंजा होत्या, किल्ल्याच्या वाटेवर वेचलेल्या. “छान आहेत, पण तोंडात घालायच्या नाहीत. चावल्या तर विषारी असतात,” मी म्हणाले. “माहितीये. बाबांनी सांगितलंय,” ती म्हणाली.

तिला नेत्र विभागात पाठवून डोळे तपासून घेतले. चष्मा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तपासायला बोलावले आहे.