बर्फाच्या कप्प्यातला वाटाणा

आमच्या लहानपणी घरात धान्याची मातीची कोठी असे. धान्य वरून ओतायचे आणि खालच्या भोकातून काढायचे. भोकाला चिंध्यांचा बोळा. आधी पडलेले धान्य आधी निघे. जुने आत किडत बसत नसे.

आता देवळाली कॅम्पात घरोघर फ्रिज आले. आमच्या शाळकरी वयात ते बंगल्यांत असतात, एवढे फक्त ऐकले होते. पण फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला खाली भोक नाही. नवे पुढे येते, जुने मागे जाते आणि तिथेच राहते.

मागच्या पौषात वाटाणा स्वस्त झाला. आम्ही पाच किलो आणला. घरातून आवाज आला, "अहो, ठेवायचा कुठं? आत जागाच नाही." कप्पा उपसला. तळाशी आदल्या वर्षाचा वाटाणा! तीन पिशव्या, बर्फाने पांढऱ्या झालेल्या. आणखी एक गोळा निघाला. सूनबाई म्हणाली खवा, आम्ही म्हणालो खोबरे. वितळल्यावर लसणाचा वास सुटला.

थंडीने जंतू मरत नाहीत, ते निजतात. ऊब मिळाली की पुन्हा वाढू लागतात. म्हणून एकदा वितळलेले अन्न पुन्हा गोठवू नये. खरा फ्रीझर उणे १८ अंशांवर चालतो. त्यात वाटाणा आठ-दहा महिने चांगला राहतो. एकदारी फ्रिजचा छोटा कप्पा पुष्कळदा इतका गार होत नाही. त्यातला माल लवकर संपवावा.

वाटाणा तसाच कोंबू नये. दाण्याच्या आत पिकवणारे रस असतात. गारठ्यातही त्यांचे काम हळूहळू चालू राहते. मग रंग जातो, चव जाते. यासाठी सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवावे. लगेच गार पाण्यात टाकावे. फडक्यावर कोरडे करून ताटात पातळ पसरावे आणि गोठवावे. पातळ थर झटकन गोठतो. सावकाश गोठले तर बर्फाचे मोठे खडे होतात, ते दाणा फोडतात, आणि उसळ गिळगिळीत होते. गोठल्यावर पिशव्या भराव्या. एका पिशवीत एका वेळची भाजी, जास्त नाही.

पिशवीवर चिठ्ठी हवीच. शेजारच्या आक्का गेल्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात शिकल्या. त्यांनी पिशवीवर लिहिले, "वाटाणा. पौष." म्हणाल्या, "गुरुजी, सही सोडून मी पहिल्यांदाच काही लिहिलं." त्या नवी पिशवी मागे सरकवतात आणि जुनी पुढे ओढतात. कोठीचीच रीत.

आता विजेचे. भरलेला मोठा फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४ तास. छोट्या कप्प्याचा भरवसा याहून कमी. आपण गावाला गेलो आणि मागे वीज गेली, तर कळणार कसे? एका वाटीत पाणी गोठवावे. वर रुपया ठेवून वाटी आतच राहू द्यावी. रुपया वर असला तर ठीक. तळाला गेला असला, तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजावे.

पावसाळ्यात तारेवर झाड पडले. सांजेला गेलेली वीज सकाळी आली. आक्कांचा कप्पा गच्च भरलेला, दार बंद. त्यांचा रुपया जरासाच रुतला होता. आमच्याकडे नातवंडांनी बर्फासाठी रात्रभर दार उघडले. आमचा रुपया तळाला. मटण मऊ पडलेले. घरातले म्हणाले, "उकळून घेऊ, टाकता कशाला?" आम्ही ऐकले नाही. जंतू उकळून मरतात, पण काही जंतूंनी सोडलेले विष उकळूनही जात नाही. परसात खड्डा खणून मटण पुरले. त्या दिवशी घरात आमच्याशी कोणी नीट बोलले नाही. दुपारी आक्कांनी वाटाण्याची एक पिशवी पाठवली. चिठ्ठीवर "पौष" होते. उसळ झकास झाली.