परतीचा गुरुवार

अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या घरांत जेवणाचं टेबल मधोमध दुभंगतं. दोन्ही टोकांनी धरून ओढलं की मध्ये जागा होते, तिथे एक सुटी फळी बसते आणि सहा माणसांचं टेबल दहांचं होतं. ही फळी वर्षभर कपाटामागे नाहीतर तळघरात पडून असते आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी पुसून बाहेर निघते. तेवढ्यानं भागलं नाही तर शेजारी घडीचं टेबल मांडून पोरांची पंगत वेगळी बसते. थँक्सगिव्हिंगवर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक १६२०च्या जहाजापासून सुरू होतं आणि टर्कीवर संपतं. हा सण समजून घ्यायचा तर जहाज बाजूला ठेवून या फळीकडे पाहावं, असं मला वाटतं. थँक्सगिव्हिंग हा मुळात घर सोडून गेलेल्यांचा सण आहे. सुगीचा सण, देवाचे आभार मानण्याचा दिवस, राष्ट्राची जन्मकथा हे सगळे अर्थ त्याला चिकटले. काही वाळले, काही वादात सापडले. पांगलेली माणसं एका टेबलाशी परत येतात, हा एक अर्थ मात्र दोनशे वर्षं पक्का राहिला आहे.

पुरावा तपासून पाहू. मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे दगावले. उरलेल्या पन्नासेक जणांनी १६२१च्या शरदात पीक हाती आल्यावर प्लिमथला मेजवानी केली. तिथल्या मूळच्या वाम्पानोग लोकांचा प्रमुख उसामेक्विन, ज्याला इंग्रज मॅसासॉइट म्हणत, नव्वदेक पुरुष घेऊन आला. त्याच्या माणसांनी पाच हरणं मारून आणली. तीन दिवस जेवणावळी चालल्या. एडवर्ड विन्स्लोनं हे एका पत्रात लिहिलं आणि ते १६२२ साली लंडनमध्ये छापलं गेलं. त्या पत्रात थँक्सगिव्हिंग हा शब्द नाही. पक्षी मारून आणल्याचा उल्लेख आहे, टर्कीचं नाव नाही. इंग्रजांच्या बाजूनं अवघ्या चार विवाहित स्त्रिया जिवंत राहिल्या होत्या. कुटुंबमेळावा म्हणावा असं त्यात काहीच नव्हतं. त्या लोकांच्या लेखी ‘आभाराचा दिवस’ म्हणजे प्रसंगानुसार जाहीर झालेला, चर्चमधल्या प्रार्थनेचा दिवस. विन्स्लोचं पत्र पुढे विस्मरणात गेलं. १८४१मध्ये बोस्टनच्या अलेक्झांडर यंग या धर्मोपदेशकानं ते पुन्हा छापलं आणि तळटीप देऊन त्या मेजवानीला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हटलं. मधे गेली दोनशे वीस वर्षं. तोवर न्यू इंग्लंडमध्ये दर शरदात थँक्सगिव्हिंग साजरं करण्याची रीत कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. सण आधी होता, त्याची जन्मकथा मागाहून आली.

मग सण कुठून आला? एका रिकाम्या जागेतून. प्युरिटन लोकांना ख्रिसमस मान्य नव्हता. मॅसॅचुसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात ख्रिसमस साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि कायदा उठल्यावरही त्या प्रांतात दीडेकशे वर्षं ख्रिसमस फिकाच राहिला. थंडीच्या तोंडावर घरादारानं एकत्र बसून जेवावं असा एकच दिवस उरला, गव्हर्नरनं जाहीर केलेला थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. सकाळी प्रवचन, दुपारी जेवण. त्याला आज दिसतो तो जिव्हाळा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला, आणि त्याचं कारण जमिनीत होतं. न्यू इंग्लंडची जमीन खडकाळ, वाटण्या होत होत तुकडे झालेली. १८२५मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि धाकटे मुलगे ओहायोकडे, त्याही पलीकडे निघाले. मुली लोवेलच्या सूतगिरण्यांत कामाला लागल्या. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणाला चाकरमानी दिला आणि गणपतीला गावी जाण्याची जिवाची तगमग दिली; लोवेलनं न्यू इंग्लंडला जे दिलं ते याच जातीचं होतं. लिडिया मारिया चाइल्ड यांची एक बालकविता १८४४मध्ये प्रसिद्ध झाली. आजही ती अमेरिकेतल्या पोरांच्या तोंडी आहे. तीत घसरगाडीत बसून आजोबांच्या घरी निघालेलं मूल आहे. म्हणजे त्या मुलाचे आईबाप आजोबांच्या घरून आधीच निघून गेलेले आहेत. जुनं घर मागे पडल्याची ही जाणीव त्या सणात तेव्हापासून मुरलेली आहे. आताशा पूर्वीसारखं थँक्सगिव्हिंग राहिलं नाही, अशी हळहळ दरवर्षी ऐकू येते. ती खरी असते, पण नवी नसते.

या घरगुती ओढीला राष्ट्रीय सुटीचं रूप दिलं ते एका संपादक बाईंनी, आणि दिवाळी अंकाच्या वाचकाला त्यांच्याविषयी आपुलकी वाटायला हवी. सारा जोसेफा हेल यांचा जन्म न्यू हॅम्पशरमधल्या न्यूपोर्टचा, १७८८चा. १८२२मध्ये वैधव्य आलं, पदरात पाच मुलं. १८२७मध्ये आलेल्या त्यांच्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर आख्खं प्रकरण आहे. पुढे चाळीस वर्षं त्यांनी ‘गोडीज लेडीज बुक’ हे मासिक सांभाळलं. यादवी युद्धाच्या तोंडावर त्याचा खप दीड लाखांच्या घरात होता. दर वर्षी अग्रलेख, पाककृती, कथा आणि गव्हर्नरांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रं, असा त्यांचा उद्योग अखंड चालला होता. सगळ्या राज्यांतली कुटुंबं एकाच गुरुवारी जेवायला बसली तर दुभंगत चाललेला देश सांधला जाईल, असं त्यांना मनापासून वाटे. तसं झालं नाही. दक्षिणेत कित्येकांना हा गुलामगिरीविरोधी उत्तरेचा सण वाटला आणि १८६१मध्ये युद्ध पेटलं. पण २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्यांनी लिंकनना पत्र लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर झाला. त्या जाहीरनाम्यात युद्धातल्या विधवा, अनाथ आणि शोकग्रस्तांची आठवण ठेवायला सांगितली आहे. पिल्ग्रिमांचा, म्हणजे मेफ्लॉवरच्या त्या प्रवाशांचा, उल्लेखही नाही. मासिकं सण घडवतात हे आपल्यालाही माहीत आहे. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरातल्या फराळाच्या ताटाशेजारी अंक येऊन बसला. ती दिवाळी कमी खरी ठरली नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. जन्मकथा मागाहून जोडली असेल, पण ती जोडताना जे झाकलं गेलं त्याचं काय? १६१६ ते १६१९ या काळात युरोपियनांबरोबर आलेल्या साथीनं वाम्पानोगांची गावंच्या गावं ओस पडली. प्लिमथ वसलं ते पाटुक्सेट या अशाच एका उजाड गावाच्या जागी. इंग्रजांना मका लावायला शिकवणारा टिस्क्वांटम त्याच गावचा. त्याला १६१४मध्ये पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं; परतला तेव्हा त्याच्या गावात कोणी उरलं नव्हतं. परतीच्या सणाच्या कथेत ज्याला परतायला घरच नव्हतं असा माणूस उभा आहे, आणि शाळेतल्या नाटुकल्यांत तो हसतमुख वाटाड्या म्हणून येतो. इंग्रजांशी झालेल्या १६७५-७६च्या युद्धात मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये वर्षानुवर्षं खांबावर टांगलेलं होतं. १९७०मध्ये मेफ्लॉवरच्या आगमनाला साडेतीनशे वर्षं झाल्याच्या समारंभात वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोग पुढाऱ्याचं भाषण, त्यात हे सगळं होतं म्हणून, आयोजकांनी होऊ दिलं नाही. त्या वर्षापासून प्लिमथच्या कोल्स हिलवर थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळला जातो. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्यातून सण सोडून द्यावा असा निष्कर्ष निघत नाही. सणाला ती कथा लागत नाही, असा निघतो. लिंकनच्या जाहीरनाम्याचं तिच्यावाचून अडलं नव्हतं, लोवेलहून घरी निघालेल्या मुलीचं अडलं नव्हतं. कागदी टोप्या आणि पिसं शाळांनी गुंडाळून ठेवली तरी टेबलाची फळी निघायची राहत नाही. उलट शोक करणाऱ्यांना जागा द्या, हे या सणाच्या सरकारी जन्मपत्रिकेतच लिहिलेलं आहे. ती जागा वाम्पानोगांना नाकारणं हाच सणाशी द्रोह. त्यांच्या स्वतःच्या पंचांगात आभाराचे दिवस पूर्वापार आहेत. मॅशपीला उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी थँक्सगिव्हिंग असतं, अक्विन्नाला ऑक्टोबरमध्ये क्रॅनबेरी डे.

मग ती कथा इतकी रुजली कशी? विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आणि पूर्व युरोपातून लाखो माणसं येत होती आणि त्यांच्या मुलांना अमेरिकन करण्याचं काम शाळांकडे होतं. इतिहासकार एलिझाबेथ प्लेक यांनी दाखवलं आहे की हा सण पुष्कळ घरांत मुलांच्या दप्तरातून शिरला. आईबापांनी टर्की आणली, पण तिच्याशेजारी आपलं पानही वाढलं. इटालियन घरात आधी पास्ता. पुढे कोरियन घरात किमची. कृष्णवर्णीयांच्या घरात रताळ्याचा पाय आणि मॅकरोनी-चीज. थॉमस नास्टनं १८६९मध्ये ‘हार्पर्स वीकली’त नाना वंशांची माणसं अंकल सॅमच्या एका टेबलाशी बसवली होती. नॉर्मन रॉकवेलच्या १९४३मध्ये छापून आलेल्या प्रसिद्ध चित्रात एकच गोरं कुटुंब आहे. रॉकवेलचं चित्र जास्त गाजलं. घरांच्या खऱ्या टेबलांवरचा स्वयंपाक मात्र नास्टच्या बाजूनं साक्ष देतो.

व्यापारानं हा सण गिळला, असाही सूर असतो. मेसीज या दुकानाची मिरवणूक १९२४पासूनची, दुसऱ्या दिवशीची खरेदीची झुंबड सर्वांना ठाऊक. पण व्यापारासाठी सण हलवायचा प्रयत्न एकदा झाला तेव्हा काय घडलं ते पाहावं. १९३९मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सण एक आठवडा अलीकडे, २३ तारखेला घेतला. सुमारे निम्म्या राज्यांनी तो मानला, निम्म्यांनी ३० तारीख धरली. मुलगा एका राज्यात, आईबाप दुसऱ्या राज्यात अशा घरांची सुटीच जुळेना. ओरड इतकी झाली की २६ डिसेंबर १९४१च्या कायद्यानं चौथा गुरुवार कायमचा ठरवून टाकावा लागला. तारीख एकच हवी, हा आग्रह दुकानदारांपेक्षा परतणाऱ्यांच्या गरजेशी अधिक जुळतो.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा आक्षेप वेगळाच आहे: परत येणाऱ्यांचा हा सण कोणाच्या कष्टांवर उभा आहे? गोठवलेली सात किलोंची टर्की फ्रीजमध्ये सुटी व्हायला चार दिवस लागतात. म्हणजे ती रविवारी खालच्या कप्प्यात यावी लागते, आणि रविवारी ते लक्षात ठेवणारं कोणी तरी असावं लागतं. गुरुवारी ओव्हन चारेक तास तिनं अडवलेला. भरण, रताळी, भोपळ्याचा पाय या सगळ्यांना उरलेल्या वेळात त्याच ओव्हनमध्ये बसवायचं. बाहेर फुटबॉलचा सामना चालू असतो. हा हिशेब पिढ्यान् पिढ्या बायकांनी डोक्यात ठेवला. १९५५मध्ये कॅम्पबेल कंपनीत डॉर्कस रायली यांनी डबाबंद सूप आणि फरसबी यांची सहज जमणारी पाककृती तयार केली. ती देशभर पसरली ती चवीपेक्षा, मला वाटतं, सुटकेसाठी. मेलनी वॉलेनडॉर्फ आणि एरिक आर्नोल्ड यांच्या १९९१च्या अभ्यासात दिसतं की विकतचे पदार्थही वेष्टणातून काढून घरच्या भांड्यांत मांडले जातात, म्हणजे ते घरचेच होतात. याला लबाडी म्हणवत नाही. आता पाहुण्यांनी एकेक पदार्थ करून आणण्याची पद्धत रूढ होते आहे, पुरुष टर्की भाजू लागले आहेत. टेबलाशी परत यायचं तर स्वयंपाकघरातूनही यावं, हे उशिरा का होईना कळू लागलं आहे.

आणि ज्यांना घर नाही, किंवा ज्यांचं घर परतण्याजोगं नाही ते? ‘फ्रेंड्सगिव्हिंग’ हा मित्रांच्या टेबलासाठीचा शब्द २०२०मध्ये मेरियम-वेबस्टर कोशात दाखल झाला. त्याच वर्षी महासाथीमुळे सरकारी आरोग्य यंत्रणेनं लोकांना प्रवास टाळायला सांगितलं होतं. कुटुंब म्हणजे रक्ताचंच, हा आग्रह या सणानं कधी धरला नाही. न्यू इंग्लंडच्या शेतघरातही शेजारी आणि गडीमाणसं पंगतीला असत. तिकडच्या मराठी घरांचं या सणाशी सूत जुळतं ते इथेच. दिवाळीला बहुतेक ठिकाणी सुटी नसते. कॉलेजातल्या मुलांचं लक्ष्मीपूजन फोनच्या पडद्यावर होतं. थँक्सगिव्हिंग येतं तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे, चार दिवसांची सुटी घेऊन. त्या बुधवारी रात्री विमानतळावरून मुलगी घरी पोचते, सोबत घरी जाता न आलेली तिची एक मैत्रीण असते. ओव्हनमध्ये कोणाकडे टर्की, कोणाकडे तंदुरी मसाला लावलेली कोंबडी, शाकाहारी घरात लाल भोपळ्याचं भरीत. भोपळा, रताळं, मिरची हे तिन्ही मूळ अमेरिकेचेच. ओट्यावर तिच्या वाटणीच्या चकल्यांचा डबा महिनाभर झाकून ठेवलेला असतो, आणि आतल्या खोलीत कोणी तरी टेबलाची फळी शोधत असतं.