मुलगी ‘वाया’ जाते म्हणजे काय?

जोगेश्वरीत मजासवाडी, मेघवाडी, प्रताप नगर, कोठल्याही वस्तीतल्या महिला मंडळात तासभर बसा. अमक्याची पोरगी वाया गेली, हे वाक्य कानावर पडतेच. तपशील विचारला तर बहुधा सारखाच असतो. आठवीपर्यंत बरी होती, मग शाळेला दांड्या मारू लागली, आईच्या डब्यातले पैसे उचलले, उलट उत्तरे देते, एकदा रात्री घरी आलीच नाही. मुलगा असा वागला तर ‘वय आहे, सुधारेल’ म्हणतात. मुलीला ती सवलत नाही.

आमचे म्हणणे असे की, या वागण्याच्या मुळाशी पुष्कळदा आजार असतो. नैराश्य म्हटले की कोपऱ्यात रडत बसलेली बाई डोळ्यांपुढे येते. चौदा-पंधराव्या वर्षी ते तसे दिसेलच असे नाही. चिडचिड, आदळआपट, रात्रीची झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, मैत्रिणींशी बोलणे सोडणे, ‘मी मेले तर बरे’ असे पुटपुटणे, अशा रूपांनीही ते येते. हे दोन आठवडे टिकले तर डॉक्टर गाठावा. मरणाचे बोलणे निघाले तर दोन दिवसही थांबू नये. वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण मुलांच्या जवळजवळ दुप्पट होते, असे जगभर आढळले आहे. कारणे शरीरात आहेत तशी घरातही आहेत. दहा बाय बाराची खोली, बाप पिऊन येणारा, आई लोखंडवालात धुणीभांडी करून रात्री परतणारी, धाकट्यांचे सगळे थोरलीच्या गळ्यात. आणि एक कारण घरात कोणी तोंडाबाहेर काढत नाही: नात्यातल्या किंवा शेजारच्या पुरुषाने तिच्या अंगाला हात लावलेला असतो. मुलगी एकाएकी बदलली तर तिला एकांतात, न रागावता, हे विचारलेच पाहिजे.

घरोघरचे उपाय ठरलेले: मार, शाळा बंद, नाहीतर लग्न. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले होते. काही घरांत तर बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि मुलगी मात्र गुपचूप भगताकडे! याची आम्हाला लाज वाटते.

पटाचारेची कथा आपण विहारात ऐकतो, पण तिची सुरुवात विसरतो. श्रावस्तीच्या सावकाराची ही मुलगी घरच्या नोकराबरोबर पळून गेली होती. पुढे नवरा, दोन्ही मुले, आईबाप, भाऊ सगळे गेले आणि ती भान हरपून उघडी फिरू लागली. लोक तिच्यावर घाण फेकीत. जेतवनात शिरली तेव्हाही तिला अडवू लागले. तथागतांनी तिला येऊ द्यायला सांगितले, भगिनी म्हणून हाक मारली. कोणी एकाने अंगावरचे वस्त्र तिला दिले. कोणाबरोबर पळालीस, हे कोणी विचारले नाही. हीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्षुणींमध्ये अग्रणी ठरली.

‘डोंगरीला टाकीन’ हा धाक मुंबईत जुना आहे. पण 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालील मुलीला कोठडीत टाकता येत नाही. घरातून पळालेली मुलगी गुन्हेगार धरली जात नाही. ती काळजी व संरक्षणाची गरज असलेली मानली जाते आणि तिला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे आणावे लागते. चोरीचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तेथेही शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर असतो. पोलीस ठाण्यात आईबापांनी हे ठामपणे सांगावे.

जुहूच्या कूपर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रक्त व थायरॉईडही तपासून घ्यावे, कारण पंडुरोगाचा थकवा पुष्कळदा आळस म्हणून खपतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत. जाणे जमत नसेल तर 14416 या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस, मराठीतही, फुकट बोलता येते. रुग्णालयात जायचे म्हणजे आईच्या कामाचा एक खाडा पडणार. तेव्हा मंडळातल्या एखाद्या बाईने सोबत जावे. आत मात्र मुलीला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्यावे आणि दोघींनी बाहेर बाकावर थांबावे.