तळघराचा जिना : त्याचा खर्च आणि त्याचा भार

व्यापारी माणसास हिशेबाचे धडे देण्याचे कारण नाही. आडत, तोलाई, हमाली, बारदान, तूट, व्याज यांपैकी एकही रक्कम आमच्या वहीतून निसटत नाही. तथापि जुन्या पेठांतील पुष्कळ दुकानांत अशी एक वस्तू आहे की, जिच्यावरून माल वर्षानुवर्षे जा-ये करतो आणि जिचे नाव मात्र कोणत्याच खात्यावर आढळत नाही. ती वस्तू म्हणजे तळघराचा जिना. बेळगावची रविवार पेठ असो, इंदूरचे सियागंज असो की लष्कर-ग्वाल्हेरचा दाल बाजार असो, जेथे जेथे तळघरात माल ठेवण्याची वहिवाट आहे, तेथील सभासद बंधूंस या विषयाचा विचार आज ना उद्या करावाच लागेल. म्हणून धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेल्या आम्हांस याविषयी जे ठाऊक आहे, ते येथे मांडीत आहोत.

जुना जिना अरुंद आणि उभा का असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दुकानातील प्रत्येक हात जागा मालासाठी हवी, म्हणून जमिनीला पाडावयाचे भोक शक्य तेवढे लहान ठेवीत. तळघर नऊ फूट खोल धरले आणि पायरी नऊ इंच उंच ठेवली, तर बारा चढांत काम भागते. पाऊल टेकण्यास सात इंच जागा दिली, तर सगळा जिना साडेसहा फुटांच्या आत बसतो. हिशेब चोख आहे. परंतु असा जिना जमिनीशी सुमारे ५२ अंशांचा कोन करतो. तो खरे पाहता जिना नव्हे, शिडीच होय. त्यावरून उतरताना टाच टेकत नाही, आणि पाठीवर पोते असेल तर पुढची पायरी दिसत नाही.

चांगल्या जिन्याचे माप काय? पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल टेकण्याची जागा, यांची बेरीज २४ इंचांच्या आसपास यावी, असा एक जुना नियम आहे. फ्रान्समधील स्थापत्यकार फ्रांस्वा ब्लाँदेल यांनी तो सतराव्या शतकात मांडला आणि मनुष्याचे पाऊल तेव्हापासून काही बदललेले नाही. सहा इंच उंची आणि बारा इंच जागा घेतली, तर बेरीज नेमकी २४ येते. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही राहत्या घरांव्यतिरिक्त इतर इमारतींसाठी हेच प्रमाण, म्हणजे १५० मिलिमीटर उंची आणि ३०० मिलिमीटर जागा, मर्यादा म्हणून मानले आहे. याप्रमाणे नऊ फूट खोलीस अठरा चढ लागतात. नऊ चढांनंतर चार फुटांचा विसाव्याचा टप्पा द्यावा. जिना सरळ भिंतीच्या कडेने नेल्यास वीस फूट लांबी लागते. पेठेतील दुकाने तोंडाशी अरुंद आणि आत लांब असल्यामुळे ही लांबी बहुधा सापडते.

आता खर्चाकडे वळू. येथे रुपयांचे आकडे आम्ही हेतुतः देत नाही. सिमेंट-लोखंडाचा भाव धान्याच्या भावाप्रमाणेच हलता असतो. हे पुस्तक कपाटात दहा वर्षे राहील, भाव दहा दिवस राहणार नाही. वजन-माप मात्र बदलत नाही. तेव्हा माप आमचे घ्यावे, भाव त्या दिवशीचा लावावा.

चार फूट रुंदीचा वरील मापाचा जिना सिमेंट-काँक्रीटचा केल्यास सुमारे ५५ घनफूट काँक्रीट लागते, म्हणजे अर्ध्या ब्रासहून किंचित अधिक. त्यास सिमेंटची बारा-तेरा पोती आणि सव्वाशे ते दीडशे किलो सळई पुरते. लोखंडी करावयाचा झाल्यास दोन बाजूंचे चॅनेल, सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या पायऱ्या, टप्पा आणि कठडा मिळून सहाशे ते सातशे किलो वजन भरते. सागवानी केल्यास पंधरा-सोळा घनफूट लाकूड लागते. तिन्हींचा गुणाकार करून पाहावा. काँक्रीटचे सामान सर्वांत स्वस्त पडते आणि सागवान बहुधा सर्वांत महाग. लोखंडाचा गुण असा की ते बाहेर तयार करून दोन-तीन दिवसांत बसविता येते. दोष असा की आमच्या भागातील पावसाळ्यात ते खालच्या टोकाकडून गंजते आणि त्याचा गुळगुळीत पत्रा धान्याच्या कोंड्याने अधिकच निसरडा होतो.

सामानाचा हा आकडा पाहून काही बंधूंस वाटेल की खर्च तो केवढा! परंतु जिन्याचा खर्च जिन्यात नसतो. तो जिन्याभोवती असतो, हेच या लेखातील मुख्य सांगणे आहे. पोते घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर निदान सात फूट मोकळी जागा राहावयाची, तर वरच्या जमिनीतील भोक सतरा-अठरा फूट लांब आणि चार फूट रुंद करावे लागते. जुने भोक सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद, म्हणजे पंधरा चौरस फुटांचे. नवे सत्तर चौरस फुटांचे. मधल्या पंचावन्न चौरस फुटांतील कड्या किंवा स्लॅब कापावयाची, त्यापूर्वी खालून धिरे द्यावयाचे, कापलेली टोके पेलण्यासाठी नवी तुळई घालावयाची, राबीट बाहेर काढावयाचे, आणि भिंतीस धक्का लागला तर ओल थांबविण्याचे काम करावयाचे. सामानाच्या खर्चाहून हा खर्च अधिक येतो. त्याच पंचावन्न चौरस फुटांत दहाच्या थप्पीने शंभरावर पोती राहू शकली असती, तो तोटाही मनात धरावा. काम चालू असताना दुकान जितके दिवस बंद राहील, तितक्या दिवसांची उलाढाल हीदेखील खर्चातच धरावयाची. म्हणून कंत्राटदाराचे अंदाजपत्रक घेताना ‘जिन्याचे किती?’ असे न विचारता तोडकाम, टेकू, तुळई, जिना, कठडा, ओल आणि राबीट अशी सात कलमे निरनिराळी लिहून मागावीत. एका रकमेत दिलेल्या अंदाजात पहिली तीन कलमे बहुधा सुटलेली असतात आणि काम अर्ध्यावर आले की ती ‘जादा काम’ म्हणून उगवतात.

येथवर मालाचा आणि जागेचा हिशेब झाला. आता माणसाचा करू. दहा टनांची एक गाडी म्हणजे पन्नास किलोची दोनशे पोती. ती सर्व तळघरात उतरवून विक्रीच्या वेळी पुन्हा वर आणावयाची, तर अठरा पायऱ्यांच्या जिन्यावर भारासह ३,६०० पायऱ्या उतरणे आणि ३,६०० पायऱ्या चढणे झाले. एका गाडीस इतके. वर्षाच्या गाड्या प्रत्येकाने आपल्या वहीतून मोजाव्यात. जुन्या जिन्यात पायऱ्या बाराच आहेत हे खरे. पण तेथे प्रत्येक चढ दीडपट उंच आहे आणि पाऊल अर्धे अधांतरी आहे. गुडघ्याचा नफा त्यात कोठेच नाही.

एका वयस्क हमालास आम्ही विचारले होते की, पूर्वी शंभर किलोचे पोते उचलीत होतास, आता पन्नासाचे आहे, मग उतरताना तोंड भिंतीकडे का करतोस? तो म्हणाला, “मालक, पोत्याचं वजन कळतंय, पायरी कळत नाही.” या एका वाक्यात स्थापत्यशास्त्राचा अर्धा ग्रंथ आहे. मनुष्य पायरीकडे पाहून उतरत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवरून पायाने जे माप घेतले, त्याच मापाने तो पुढची पावले टाकतो. एक पायरी जरी इंचभर कमी-अधिक असली तरी त्याच ठिकाणी पाय चुकतो. जुन्या पायऱ्यांवर शहाबादी फरशी चढवून जिना ‘नवा’ करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. फरशी सर्व पायऱ्यांवर सारखी चढते. परंतु वरची आणि खालची जमीन आहे तेथेच राहते. त्यामुळे खालची पहिली पायरी फरशीच्या जाडीइतकी उंच आणि वरची शेवटची तितकीच ठेंगणी होते. पैसे घालून विकत घेतलेला हा अपघात होय.

भाराविषयी जगानेही विचार केला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका माणसाने वाहावयाच्या कमाल वजनासंबंधी करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही मर्यादा सुचविली. भारताने त्या करारास २०१० साली मान्यता दिली. परंतु आमच्या समाजास हा विचार परका नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. आपल्या आश्रयास असलेल्या जिवावर त्याच्या शक्तीबाहेर भार घालणे, असा त्याचा अर्थ. पोत्याचे वजन पन्नास किलोच लिहिलेले असेल. परंतु तेच पन्नास किलो शिडीवर चढविले की भार वाढतो. तराजूत न दिसणारे हे वजन जिन्याने घातलेले असते आणि जिना मालकाने घातलेला असतो.

आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. बंद जागेतील धान्य श्वास घेते आणि तेथील हवा दूषित होते. पेव उघडल्यावर त्यात तत्काळ उतरू नये, हा वडिलांचा दंडक याच कारणाचा. त्यात आता कीडनाशक गोळ्यांची भर पडली आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू हवेपेक्षा किंचित जड असतो. तळघरात वारा खेळत नसल्यामुळे तो तेथेच कोंडून राहतो. ही औषधे जाणत्या, अधिकृत कीडनियंत्रकांकडूनच वापरून घ्यावयाची आहेत. तरीही प्रसंग ओढवलाच, तर बेशुद्ध मनुष्यास दोघांनी धरून वर आणता येईल असा जिना आहे काय, हा प्रश्न प्रत्येक मालकाने आजच स्वतःस विचारावा. अडीच फुटांच्या शिडीवरून हे होत नाही.

कामास हात घालणाऱ्यांसाठी अनुभवाच्या काही सूचना देतो. काम दिवाळीनंतर काढावे आणि पावसाळ्यापूर्वी पुरे करावे. ओल्या भिंतीत तोडकाम करू नये. जिन्याचा पायथा मातीवर न टेकविता दगडी किंवा काँक्रीटच्या ओट्यावर टेकवावा. कठडा निदान एका बाजूस अखंड असावा. दिव्याचे बटण वर आणि खाली दोन्हीकडे असावे. पायरीची कड खरबरीत ठेवावी. सांडलेला मूग किंवा मोहरी पायाखाली येताच गुळगुळीत फरशीवर धडधाकट मनुष्यही घसरतो. दुकान भाड्याचे असल्यास घरमालकाची लेखी संमती आणि खर्चाची वाटणी यांचा कागद आधी करावा. तुळई कापल्यावर सुरू झालेली बोलणी क्वचितच गोडीने संपतात. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यासही विचारावे, आणि नगरपालिकेची परवानगी व जाणत्या अभियंत्याची पाहणी यांत काटकसर करू नये.

सर्वांस हा खर्च झेपेलच असे नाही, आणि काही दुकानांत वीस फूट लांबी खरोखरच निघत नाही. अशा बंधूंनी निराळा मार्ग धरावा. धान्य वरच ठेवावे आणि तळघर रिकामे बारदान, जुन्या वह्या, काटे-वजने यांसाठी राखावे. अथवा पोत्यांसाठी विजेवर चालणारी उचलयोजना करावी आणि जिना केवळ माणसांच्या जा-येसाठी ठेवावा. गव्हातील ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीचे भय असते. त्यामुळे ओलसर तळघरातून धान्य हलविणे मालाच्याही हिताचेच आहे. जे करावयाचे नाही ते एवढेच की, जिना बदलावयाचा नाही आणि पोतीही त्यावरूनच न्यावयाची.

येत्या वर्षी नव्या वह्यांचे पूजन होईल, तेव्हा सभासद बंधूंनी एक पान ‘जिना खाते’ म्हणून घालावे आणि वर दिलेली सात कलमे त्यात लिहावीत. रक्कम पाहून मन कचरले, तर त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूस आपल्या दुकानात राबणाऱ्या हमालांची नावे लिहावीत. जमा-खर्चाचा मेळ कोठे बसतो, हे व्यापाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही.