मैदानी खेळांच्या मार्गदर्शकांचे निरंतर शिक्षण

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने धावण्याच्या शर्यती भरविल्या होत्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा त्या पाहण्यास उपस्थित होते. शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावत होते आणि तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांच्या वेळा दोराबजींना विशेष वाटल्या. या खेळाडूंना ऑलिंपिकला पाठवावे, हा विचार तेथून पुढे आला. त्या वेळी दोराबजींनी संयोजकांपैकी एका प्रमुख सभासदास विचारले, की ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावण्यास किती वेळ लागत असेल? एक ते दोन मिनिटे, असे उत्तर मिळाले. हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा व सेकंदाच्या अंशांचा आहे, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. ही हकीकत दोराबजींनीच पुढे एका पत्रात नमूद केली आहे.

पुढच्याच वर्षी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले. धावणाऱ्यांच्या पायांत बळ होते. उणीव होती ती शिकविणाऱ्यांच्या माहितीची. आज शंभर मीटरचा विक्रम शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. तथापि ती उणीव पूर्णपणे दूर झाली आहे, असे म्हणता येणार नाही.

पहिला मार्गदर्शक: शाळेतील शिक्षक

मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत धावपटूचा पहिला मार्गदर्शक हा बहुधा शाळेतील शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असतो. शारीरिक शिक्षणाची पदवी तो वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घेतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. मधल्या पस्तीस वर्षांत खेळाचे नियम बदलतात आणि शरीरशास्त्राचे ज्ञानही बदलते. एकदा मिळालेल्या पदवीच्या शिदोरीवर एवढी वाटचाल होणे अशक्य आहे.

उदाहरणादाखल चार गुणिले शंभर मीटर रिले शर्यत पाहू. पूर्वी बॅटन बदलण्याचा टप्पा २० मीटरचा होता व त्याच्या अलीकडे वेग घेण्यासाठी १० मीटर मिळत. त्या १० मीटरमध्ये बॅटन बदलता येत नसे. २०१७ च्या अखेरीपासून हे सर्व ३० मीटर बॅटन बदलण्यासाठी मोकळे झाले. ज्या शिक्षकास हा बदल माहीत नाही, तो आपल्या संघास जुन्याच खुणांवर उभे करून सराव घेत राहील. तसेच २०१० पासून धावण्याच्या शर्यतीत पहिल्याच फॉल्स स्टार्टला खेळाडू बाद ठरतो. ‘एक चूक माफ असते’ अशा समजुतीने वाढलेली मुलगी विभागीय स्पर्धेत बाद होते, तेव्हा वर्षभराची तिची मेहनत एका क्षणात वाया जाते.

चुकीच्या शिकवणुकीची किंमत

नियम न कळल्याने फार तर पदक हुकेल. शरीराविषयीच्या अज्ञानाची किंमत त्याहून मोठी असते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी यांनी पाठ खाली करून उंच उडी जिंकली आणि ती पद्धत जगभर रूढ झाली. ही उडी पाठीवर व खांद्यांवर उतरते. तिच्यासाठी जाड फोमची गादी अनिवार्य आहे. वाळूच्या खड्ड्यात ती उडी मारू देणे म्हणजे मुलाची मान धोक्यात घालणे होय. गादी नसेल तेथे पायांवर उतरणारी कात्री उडीच शिकवावयास हवी.

सरावात पाणी पिऊ नये, ही जुनी शिस्तही आता चुकीची ठरली आहे. कोकणात तर तिचा धोका अधिक आहे. येथील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. ऑक्टोबरच्या उष्म्यात धावणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा अडखळून पडला, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे व त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. आधी शरीर थंड करावयाचे व मग रुग्णालयात हलवावयाचे, हा क्रम प्रत्येक मार्गदर्शकास पाठ असला पाहिजे.

आपल्या जिल्ह्याची जमीनही स्वतंत्र अभ्यास मागते. सड्यावरील जांभ्या दगडाच्या कठीण पृष्ठावर रोज धावल्यास नडग्या दुखावतात. किनाऱ्यावरील मऊ वाळूत पोटऱ्यांवर व टाचेच्या शिरेवर ताण येतो. पाण्यालगतची ओली वाळू टणक खरी, परंतु ती उतरती असल्याने एकाच दिशेने धावल्यास एकाच पायावर भार पडतो. वाढत्या वयातील मुलाने गुडघ्याखाली दुखत असल्याची तक्रार केली, तर तिला आळस समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दमणाऱ्या मुलीस अधिक फेऱ्या मारावयास लावण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घेणे, हेही आता मार्गदर्शकाचे काम आहे.

कायद्याची जाण

निषिद्ध औषधांची जागतिक यादी दरवर्षी १ जानेवारीस नव्याने अमलात येते. सर्दीच्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रिन हा घटक ठरावीक प्रमाणापलीकडे आढळल्यास स्पर्धाकाळात तो निषिद्ध ठरतो. औषध सद्हेतूने दिले होते, ही सबब खेळाडूस वाचवीत नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. मार्गदर्शकही त्यास अपवाद नाही.

ज्ञान गावापर्यंत यावे

पतियाळा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी पदविका व सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. तथापि वर्गाचे तास, परीक्षा आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या शिक्षकास सहा आठवडे एवढ्या दूर जाणे सोपे नाही. दोष त्याचा नाही. म्हणून ज्ञानच तालुक्यापर्यंत आणले पाहिजे.

पावसाळ्यात कोकणातील मैदाने चिखलाने भरलेली असतात व सराव खंडित होतो. जूनमधील दोन दिवस उजळणी वर्गासाठी राखून ठेवता येतील. तालुका क्रीडा अधिकाऱ्यांनी नियमांतील बदल सांगावेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी उष्माघात व रक्तक्षय यांची माहिती द्यावी आणि पदविकाधारक प्रशिक्षकाने शाळेच्या सभागृहात प्रात्यक्षिके घ्यावीत. वर्ग केवळ व्याख्यानांचा नसावा. शिक्षकांनी स्वतः बॅटन हाती घेऊन तीस मीटरची खूण आखून पाहावी. मुख्याध्यापकांनी ही उपस्थिती कर्तव्यावरील समजावी. ग्रामपंचायतीने मैदानासाठी निधी देताना गादी, पिण्याचे पाणी व प्रथमोपचार पेटी यांचाही विचार करावा.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे लष्करात दाखल झाल्यानंतर तेथील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळविले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक आणि २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. चिकाटी गावाने दिली होती. ती कोणत्या शर्यतीत फळास येईल, हे जाणत्या नजरेने ओळखले. अशी नजर अभ्यासाने येते आणि अभ्यासानेच टिकते. आपल्या गावच्या मैदानावर उद्या पहाटे धावावयास येणाऱ्या मुलास ती लाभावी, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.